फूड प्लॉट म्हणजे मका ओतणं नव्हे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या हरणांच्या शिकारीवर लेख आला होता, भावाने फोटो काढून पाठवला म्हणून वाचायला मिळाला. लेख वाचनीय आहे, पण फूड प्लॉटबद्दलच्या दोन परिच्छेदांत इतका घोळ झालाय की राहवलं नाही, म्हणून हे पत्र. लेखकाने लिहिलंय की इथले शिकारी सप्टेंबर लागला की रानात "चारा टाकतात" आणि हरणं खायला आली की गोळी घालतात. शेजारी फोटो छापलाय तो तर चक्क फीडरचा, तिपाईवर पिंप आणि खाली मक्याचे दाणे सांडलेले. त्याला इथे बेट म्हणतात, म्हणजे आमिष. फूड प्लॉट म्हणजे हरणांनी चरायला यावं म्हणून मुद्दाम पेरलेला तुकडा, ती वेगळी गोष्ट आहे, तिथे बी पेरावं लागतं, ते उगवावं लागतं, वाढावं लागतं आणि हे सगळं होऊनही हरणं येतील याची खात्री नसते.

मी विस्कॉन्सिनच्या दक्षिण भागात राहते. बंदूक मी हातात धरत नाही, ते घरातले आणि शेजारचे लोक बघतात, पण प्लॉटची पेरणी माझ्याकडे असते कारण शेतकऱ्याच्या घरात वाढलेय आणि वाफसा म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नाही. गंमत वाटते कधीकधी, आपल्याकडे पिकात जनावर शिरू नये म्हणून लोक रात्ररात्र राखण करतात आणि इथे मी जनावराने यावं म्हणून पेरते. तर माझं म्हणणं एवढंच की फूड प्लॉट हा आधी शेतीचा विषय आहे आणि मग शिकारीचा, आणि त्याची तारीख सीझन कधी उघडतो यावरून ठरत नाही, तुमच्या भागात पहिली कडक थंडी कधी पडते तिथून उलटं मोजत मागे यावं लागतं.

आधी आमिषाचं सांगते कारण तिथे कायद्याचा प्रश्न आहे. इथे प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. आयोवात हरणाची शिकार करताना आमिष चालत नाही, मिशिगनच्या खालच्या द्वीपकल्पात २०१९ पासून बंदी आहे, टेक्सासमध्ये बिनधास्त फीडर लावतात. विस्कॉन्सिनमध्ये जिल्ह्याजिल्ह्यावर आहे, म्हणजे इथे काउंटी म्हणतात त्यावर. ज्या काउंटीत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे हरणांना झिजवून मारणारा मेंदूचा रोग, सापडला तिथे आणि तिच्या लगतच्या भागात मका टाकायला बंदी, आणि जिथे चालतं तिथेही चाळीस एकराला दोन गॅलन एवढीच मुभा. पण पेरलेलं उभं पीक आमिषात धरत नाहीत. कारण साधं आहे, मक्याच्या ढिगावर दहा हरणं एकाच जागी तोंड घालतात, लाळ तिथेच, लेंड्या तिथेच, आणि हा रोग प्रायॉनचा, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनाचा आहे, तो मातीत वर्षानुवर्षं टिकतो. १९६७ मध्ये कोलोरॅडोत बंदिस्त हरणांत पहिल्यांदा दिसला आणि २००२ मध्ये इथे विस्कॉन्सिनमध्ये, मिसिसिपी नदीच्या पूर्वेला पहिल्यांदाच. प्लॉटवरही हरणं एकत्र येतात हे खरं आहे, धोका शून्य होतो असं मी म्हणणार नाही, पण अर्ध्या एकरात विखरून चरणं आणि एका परातीएवढ्या जागेत दाणे टिपणं यात फरक आहेच ना. शिवाय हरिण रवंथ करणारं जनावर, हिवाळ्यात त्याच्या पोटातले जंतू फांद्या-डहाळ्यांना सरावलेले असतात, त्यात एकदम पोटभर मका गेला तर ऍसिडोसिस होऊन, म्हणजे पोटात आम्ल वाढून, मरतं सुद्धा. आपल्याकडे गाय चुकून धान्याच्या पोत्याला लागली की काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे समजेल.

आता तारखेचा मुद्दा. लेखातलं "सप्टेंबर लागला की" हे कुठल्या अमेरिकेबद्दल आहे ते लेखकालाच ठाऊक, कारण माझ्याकडे सप्टेंबरात शलगम पेरला तर तो शेंगदाण्याएवढा होईपर्यंत बर्फ पडायला लागेल, आणि अलाबामात जुलैत पेरला तर उन्हाने आणि किड्याने संपेल. हिशोब असा करतात की पिकाला लागणारे दिवस घ्यायचे आणि पहिल्या थंडीच्या सरासरी तारखेपासून तेवढे मागे जायचं. शलगम, मुळा, रेप, केल ही मोहरीच्या कुळातली पिकं, यांना साठ ते नव्वद दिवस लागतात. माझ्या भागात पहिलं दंव सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरची सुरुवात यात कधीतरी पडतं, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्या-दहा दिवसांपर्यंत बी जमिनीत गेलं पाहिजे. ओट्स आणि वाटाणा ऑगस्टमध्ये थोडं पुढे. आणि राय, म्हणजे हिवाळी राय, गव्हासारखं एक धान्य (आपली राई-मोहरी नव्हे), हे तर फार सोशिक पीक, ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यानंतरही पेरलं तरी येतं, जमीन गोठायला आली असताना पण बी अंकुर टाकतं. म्हणून इथले जाणते लोक म्हणतात की सगळं हुकलं तरी राय आहे.

यात एक बारीक गोष्ट आहे जी नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. लवकर पेरलं म्हणजे चांगलं असं नसतं. ओट्स जुलैत टाकले तर ऑक्टोबरपर्यंत ते कणसावर येतात, काडी धरतात, आणि हरणाला काडी नको असते, त्याला कोवळं पान हवं असतं. म्हणजे पीक जोमात आणि प्लॉट रिकामा. आपल्याला दाणा नको आहे, आपल्याला ऑक्टोबर-नोव्हेंबरात चार-सहा इंचाचं लुसलुशीत हिरवं हवंय, हे डोक्यात ठेवूनच तारीख धरायची. दक्षिणेत तर लवकर पेरण्याचा अजून एक धोका, लष्करी अळी. होय तीच, २०१८ पासून आपल्याकडच्या मक्यात शिरली ती, मूळची इकडचीच. जॉर्जिया-अलाबामाकडे लोक सप्टेंबरच्या सुरुवातीला गहू-ओट्स टाकतात आणि दोन-चार दिवसांत अळी अख्खा प्लॉट साफ करते, म्हणून तिकडचे अनुभवी लोक सप्टेंबरचा शेवट किंवा ऑक्टोबर उजाडेपर्यंत हात आवरतात. अलाबामात हरणांचा माजही बऱ्याच भागात जानेवारीत असतो, शिकार फेब्रुवारीपर्यंत चालते, त्यामुळे त्यांना घाई करायचं कारणच नाही. आमच्याकडे माज नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, बंदुकीचा सीझन थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी उघडतो आणि नऊ दिवस चालतो, धनुष्यबाणाचा मात्र सप्टेंबरच्या मध्यापासूनच. म्हणजे एकाच प्लॉटकडून तुम्हाला सप्टेंबरातही काही हवं आणि नोव्हेंबरच्या शेवटीही, आणि एक पीक दोन्ही देत नाही.

त्यावर उपाय म्हणजे मिश्र पीक. ओट्स लवकर वर येतात, सप्टेंबर-ऑक्टोबरला तोंडाला लागतात, पण पारा वीस फॅरनहाइटच्या खाली, म्हणजे उणे सहा-सात सेल्सियसच्या खाली, काही रात्री गेला की मरून पिवळे पडतात. तोवर राय तयार असतो, तो थंडीत मरत नाही. शलगम-मुळ्याचं पान आधी कडवट असतं, कडक दंव पडून गेलं की त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि मग हरणं त्याच्याकडे वळतात. काही ठिकाणी तर पहिल्या वर्षी हुंगूनही बघत नाहीत, ओळखच नसते त्यांना, आणि दुसऱ्या वर्षी सगळा प्लॉट खाऊन वर जमिनीतला कंदही उकरतात. म्हणून पहिल्याच वर्षी निराश होऊन कुळव फिरवणारे लोक बघितले की मला वाईट वाटतं. पण हेही खरं की मोहरीवर्गीय पीक एकाच जागी दोन वर्षांच्या वर घेऊ नये, मुळांचे रोग धरतात, बेवड बदलावाच लागतो. ज्या तुकड्यात या वर्षी शलगम, तिथे पुढच्या वर्षी धान्य आणि क्लोव्हर, एवढं जरी सांभाळलं तरी पुरे. क्लोव्हर म्हणजे आपल्या बरसीमच्याच कुळातलं, हवेतला नत्र मुळांच्या गाठीत धरून ठेवणारं, बेवडाला उत्तम.

पण ऑगस्टची पेरणी ठरते मार्च-एप्रिलमध्ये, आणि इथेच बहुतेक शिकारी गडबडतात. त्यांचं सगळं लक्ष बियाण्याच्या पिशवीवर, मातीकडे कुणी बघत नाही. ओक किंवा पाइनच्या झाडीत साफ केलेली जागा असेल तर माती आंबट असणार हे जवळजवळ ठरलेलं, सामू साडेपाचच्या खाली सुद्धा असतो, आणि अशा मातीत तुम्ही कितीही महागाचं खत टाका, पिकाला ते उचलताच येत नाही. शलगम, क्लोव्हरला सामू सहा ते सात हवा. त्यासाठी चुना लागतो, आणि चुना टाकला आणि लगेच काम झालं असं नसतं, सहा महिने तरी जातात, कधी वर्ष. म्हणून वसंतात बर्फ वितळला की मातीचा नमुना काढायचा, युनिव्हर्सिटीच्या लॅबला पाठवायचा, थोड्या डॉलरचं काम आहे, रिपोर्टमध्ये एकराला किती टन चुना ते स्पष्ट लिहून येतं. जे हे करत नाहीत त्यांना माझा एकच सल्ला असतो, राय पेरा, तो आंबट मातीतही तग धरतो, बाकी स्वप्नं पुढच्या वर्षी बघा.

तणाचं पण तसंच. जुलैच्या सुरुवातीला तणनाशक मारायचं, मग दोन आठवडे थांबायचं, आणि पाऊस झाला की खालून दुसरी लाट उगवते ती परत मारायची, आणि मगच पेरायचं. घाई करून एकाच फवाऱ्यावर पेरलं की ऑगस्टच्या शेवटी तण गुडघाभर आणि त्यात शलगम शोधावा लागतो. काही लोक नांगर-डिस्क काहीच फिरवत नाहीत, उभ्या तणात बी फोकतात, मग तण आडवं करतात किंवा कापतात, त्या आच्छादनाखाली ओल टिकते आणि बी उगवतं. लहान बियांना आणि रायला ही पद्धत चांगली, वाटाण्याला नाही.

पेरताना सर्वात मोठी चूक खोलीची होते. शलगमाचं बी मोहरीएवढं, ते पाव इंचाच्या खाली गेलं की गेलंच. ओट्स-राय एक इंच खोल हवेत. बाजारात तयार मिक्स मिळतं ते एकाच पिशवीत, आणि ते फिरकीच्या पेरणी यंत्रात टाकलं की हादऱ्याने बारीक बी खाली बसतं, आधी सगळा शलगम पडतो आणि शेवटी सगळे ओट्स. म्हणून मी वेगवेगळं घेते. आधी ओट्स-राय फोकायचे, हलकी डिस्क फिरवून झाकायचे, रोलर फिरवून जमीन घट्ट करायची, मग वरून बारीक बी टाकायचं आणि परत रोलर. बस, झाकायचं नाही. जमीन किती घट्ट हवी तर चालताना बुटाची टाच अर्ध्या इंचाच्या आसपासच रुतली पाहिजे. बियाण्याचं प्रमाण पण लोक भावनेच्या भरात वाढवतात. मोहरीवर्गीय बी एकराला पाच-सहा पौंड, म्हणजे अडीच किलोच्या आसपास, एवढंच. दुप्पट टाकलं की दाटी होते, कंद धरत नाही, नुसती पिवळी पानं. क्लोव्हरला रायझोबियम चोळून घ्यायचं, शलगमाला नत्र द्यायचा, ही आपल्या कुठल्याही शेतकऱ्याला माहीत असलेली गोष्ट इथे बंदूकवाल्यांना नव्याने सांगावी लागते.

आणि पाऊस. तारीख दहा ऑगस्ट काढली म्हणून दहा ऑगस्टलाच पेरायचं असं नाही. मूठभर माती दाबायची, गोळा झाला आणि अंगठ्याने ढकलल्यावर फुटला तर ठीक. कोरडी ठाक असेल तर पुढच्या दोन-तीन दिवसांत अर्धा इंच पाऊस आहे का ते बघायचं आणि असेल तर आदल्या दिवशी पेरायचं. नुसत्या चार थेंबांवर पेरलं तर बी फुगतं, कोंब काढतं आणि वाळून जातं, मग दुबार पेरणी, आणि तोवर शलगमाचे दिवस संपलेले असतात, म्हणजे दुबारात रायच. हे सगळं वाचून कुणाला वाटेल अरे ही तर आपली खरिपाची रडकथा, तर हो, तीच आहे.

बियाण्याच्या पिशवीबद्दल एक सावधगिरी. पिशवीवर भल्यामोठ्या शिंगांच्या नराचा फोटो असतो, त्याकडे बघू नका, मागची चिठ्ठी वाचा. १९३९ च्या फेडरल सीड ऍक्टपासून आंतरराज्य विक्रीच्या बियाण्यावर कुठलं बी किती टक्के, उगवण किती, तणाचं बी किती हे लिहावंच लागतं. त्यात बऱ्याचदा रायग्रास निघतं. रायग्रास आणि राय ही दोन वेगळी पिकं आहेत, रायग्रास म्हणजे गवत, स्वस्त असतं, पटकन हिरवं दिसतं आणि एकदा शेतात शिरलं की हटत नाही. दुसरं म्हणजे "इनर्ट मॅटर" ३०-४० टक्के दिसलं तर ते बियांवरचं लेपन असतं, म्हणजे तेवढं वजन तुम्ही मातीचं विकत घेता. एका दुकानात मी हे विचारलं तर काउंटरवरच्या मुलाने सांगितलं की मॅम, हरणांना आवडतं, लोक नेतात. लोक नेतात हे खरं आहे.

उगवल्यावर मी प्रत्येक प्लॉटमध्ये एक जाळीचा पिंजरा उभा करते, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी, तीन-चार फूट व्यासाचं गोल कडं करून दोन खुंट्या ठोकायच्या, एवढंच. हरिण आत तोंड घालू शकत नाही. ऑक्टोबरात त्याच्याजवळ उभं राहिलं की सगळी कहाणी समोर असते. आत ओट्स मांडीला लागतात, मुळ्याची पानं जाळीतून बाहेर आलेली, आणि जाळीच्या बाहेर तेच पीक बोटभर, प्रत्येक पानाचं टोक फाटलेलं. फाटलेलं, कापलेलं नाही, कारण हरणाला वरचे पुढचे दात नसतात, ते पान धरून ओढतं. सशाने खाल्लं असेल तर कात्रीने कापल्यासारखा तिरका सरळ काप दिसतो. पिंजरा नसता तर वाटलं असतं पीक आलंच नाही, बी खराब निघालं. छोट्या प्लॉटचं हेच होतं, पाव एकर पेरलं आणि भागात हरणं जास्त असली तर रोप दोन पानांचं असतानाच खुडून संपतं. अशा ठिकाणी एक तर जागा वाढवा किंवा फक्त राय आणि क्लोव्हर ठेवा, ते खाल्लं तरी परत फुटतं.

याच्या उलटही होतं. पीक उत्तम, पिंजऱ्याच्या आत-बाहेर सारखंच, आणि ऑक्टोबरात एकही हरिण नाही. मग लोक बियाण्याला शिव्या देतात. वर मान करून बघत नाहीत. ओकची फळं पडायला लागली की हरणं हिरवं सोडून झाडाखाली जातात, विशेषतः व्हाइट ओकची, ती एका वर्षात पिकतात आणि तुरटपणा कमी असतो. रेड ओकची फळं दोन वर्षं घेतात आणि जास्त तुरट असतात, ती मागाहून खाल्ली जातात. ज्या वर्षी ओकला भरघोस फळ येतं त्या वर्षी महिनाभर प्लॉटवर शुकशुकाट. यात तुमच्या शेतीचा काही दोष नाही, फक्त त्या दिवसांत प्लॉटवर बसू नका, झाडीत बसा. हे मी शिकार न करणारी बाई शिकाऱ्यांना सांगते, ऐकतात की नाही माहीत नाही.

जागेचं नियोजन हा सगळ्यात रंगतदार भाग आणि लेखात त्यावर एक अक्षर नाही. प्लॉट कुठे करायचा हे नकाशावर मचाणापासून सुरू करून ठरवतात. इथे शरदात वारा बऱ्याचदा पश्चिम-वायव्येकडून असतो, हरिण नाकावर जगतं, म्हणजे मचाण प्लॉटच्या पूर्व-आग्नेयेला हवं, आणि माणसाने गाडीपासून मचाणापर्यंत जाताना ज्या झाडीत हरणं दिवसा बसतात त्यावरून आपला वास जाऊ देता कामा नये. संध्याकाळी वारा पडला की थंड हवा उतारावरून खाली वाहते, आपला वासही तिच्याबरोबर, म्हणून खोलगट जागेतला प्लॉट दिसायला छान पण बसायला वाईट. वारा बघायला शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या खिशात कायम मिल्कवीडची बोंडं असतात, आपल्या रुईच्या घराण्यातलं झाड, आत तशाच पांढऱ्या म्हाताऱ्या. एक म्हातारी सोडायची आणि नजरेने तिच्या मागे जायचं, वीस-तीस पावलांवर ती अचानक वळते, खाली बसते, परत उठते, आणि कळतं की आपल्याला गालावर लागणारा वारा आणि प्लॉटच्या मधला वारा एक नाही.

आत जाण्यापेक्षा बाहेर पडणं अवघड. अंधार पडला, प्लॉटवर सात-आठ माद्या आणि पाडसं चरतायत, तुम्ही वर मचाणात, उतरणार कसे? उतरलात की फुत्कार, पळापळ, आणि दोन-तीन वेळा असं झालं की ती हरणं दिवसाउजेडी प्लॉटवर येणं बंद करतात, रात्रीच येतात. पीक तेच, हरणं तीच, शिकार संपली. म्हणून आमच्याकडे कुणीतरी गाडी घेऊन सरळ प्लॉटपर्यंत येतं, हरणं गाडीला बिचकून झाडीत जातात, गाडीची सवय असते त्यांना, आणि मग माणूस उतरतो. ते काम बहुधा माझंच असतं. आणि माजाच्या दिवसांत तर नर प्लॉटमध्ये येतोच असं नाही, वाऱ्याच्या खालच्या अंगाने झाडीतूनच फेरी मारतो, सगळ्या माद्यांचा वास एका ठिकाणी उभं राहून घेतो आणि पुढे जातो. हिरव्यागार प्लॉटकडे तोंड करून बसलेल्या माणसाच्या पाठीमागून जातो तो. माज कधी येणार हे दिवसाच्या लांबीवर ठरतं, थंडीवर नाही, त्यामुळे ती तारीख दरवर्षी जवळपास तीच. सगळ्या या खेळात एवढी एकच तारीख पक्की असते.

आता लेखातला शेवटचा टोमणा, की पेरून मारण्यात मर्दुमकी कसली. मर्दुमकी नाहीच, कुणी म्हणत पण नाही. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे, तिकडे हे काहीही करायला जाऊ नये. पण इथली परिस्थिती वेगळी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार बाजारू शिकारीमुळे अख्ख्या देशात पांढऱ्या शेपटीची हरणं तीन ते पाच लाख उरली होती असा अंदाज आहे, आज ती तीन कोटींच्या आसपास आहेत. लांडगे बहुतेक भागातून गेले, शेती आणि झाडी शेजारी-शेजारी आली. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर थेट वन्यजीवांच्या कामाला जातो, लांब बंदुकांवर आणि काडतुसांवर ११ टक्के. विस्कॉन्सिनमध्ये आल्डो लिओपोल्डसारखा वन्यजीवांचा जाणकार माणूस १९४३ मध्ये सांगत होता की माद्या पण कमी करा नाहीतर जंगलात नवं रोप उरणार नाही, तेव्हा लोकांनी त्याला नावं ठेवली. आजही लोकांना मोठ्या शिंगांचा नर हवा असतो आणि माद्या सोडून देतात. माझं यावर स्पष्ट मत आहे, जो माणूस प्लॉट पेरून हरणांना वाढवतो आणि एकही मादी मारत नाही तो आजूबाजूच्या जंगलाचं नुकसान करतो, कारण प्लॉट वर्षभर पुरत नाही, बाकीचे महिने ती हरणं ओकची आणि मेपलची कोवळी रोपंच खातात. यावर तुमच्या लेखकाने टीका केली असती तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

जाता जाता अजून एक, कारण लेखात लिहिलंय की सीझन संपला की प्लॉट "वाया जातो". जात नाही. डिसेंबर-जानेवारीत हरणं बर्फ उकरून शलगमाचे कंद खातात. ओट्स मेलेले असतात, त्यांचं आच्छादन होतं. राय बर्फाखाली जिवंत असतो आणि बर्फ गेल्यावर तोच पहिला हिरवा होतो, इतर काहीच नसतं तेव्हा. त्याच सुमाराला, फेब्रुवारीचा शेवट ते मार्च, रात्री जमीन गोठते आणि दिवसा सुटते, वरच्या थराला मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं पडतात, त्यावर पांढऱ्या क्लोव्हरचं बी नुसतं हाताने फेकायचं, एकराला सात-आठ पौंड, जमीनच ते आत ओढून घेते, ना नांगर ना डिस्क. जूनच्या सुरुवातीला राय छातीएवढा होऊन फुलोऱ्यात येतो तेव्हा तो आडवा करायचा किंवा कापायचा, खाली क्लोव्हर तयार असतं. त्या तुकड्यात मग ऑगस्टला पेरायचं काहीच नसतं, फक्त एकदा वरून कापणी करायची आणि शलगम दुसऱ्या तुकड्यात न्यायचा.

आपली,
एक वाचक,
दक्षिण विस्कॉन्सिन, अमेरिका